साडेचार कामगार

१

बुधवारी सकाळी महादेवी ताराबाईंच्या ओसरीवर आली ती चपला न काढताच. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलेल्या ताराबाईंना तेवढ्यावरून कळलं, की काहीतरी मोठं बिनसलं आहे. ही मुलगी दुसरीत असताना गुडघा फुटला तरी आधी चपला ओळीत लावायची आणि मग रडायची.

“बाई, माझी नोंदणी अडवली,” महादेवी म्हणाली. “कुणीतरी कामगार कार्यालयात निनावी अर्ज टाकलाय. शनिवारपर्यंत दाखला मिळाला नाही तर पुण्याचं काम गेलं.”

गोष्ट एकोणीसशे नव्याण्णव सालची, दसऱ्याच्या थोडी आधीची. बीडमध्ये तेव्हा संगणक म्हणजे शिकायची वस्तू होती. त्यावर पोट भरता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. महादेवीनं मात्र सुंदररावांच्या माडीवर पाच संगणक मांडून वेगळंच काम सुरू केलं होतं. अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीचे हातानं भरलेले फॉर्म पुण्याच्या एका कंपनीकडे यायचे. पुण्याहून त्यांची चित्रं सीडीवर घालून एस.टी.च्या पार्सलनं बीडला यायची, आणि बीडच्या दहा मुली ती वाचून संगणकात भरायच्या. भरलेल्या फ्लॉप्या पुन्हा एस.टी.नं पुण्याला. तीन महिने नमुन्याचं काम झालं होतं आणि आता वर्षाचा करार होणार होता. अट एकच होती. केंद्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदलेलं हवं. तसा कागद पुण्याच्या साहेबांना अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला दाखवायचा होता.

“काम गेलं तर मी वडलांच्या किराणा दुकानात बसेन, बाई. पण तेजश्री? बारावीला शहात्तर टक्के मिळालेली पोर. ती दसऱ्यानंतर बंकट मुकादमाच्या ट्रकमध्ये चढेल ऊसतोडीला. तिच्या आईबापानं या कामाच्या भरवशावरच तिला थांबवलंय.”

“अर्जात काय आहे?”

“मला दाखवत नाहीत. तक्रार करणाऱ्यानं अर्ज मागं घेतला तर लगेच सही करतो, म्हणाले साहेब. बाई, तुम्ही शोधा ना. वर्गात कुणाची पेन्सिल कुणी घेतली ते तुम्ही नुसतं बघून सांगायच्या.”

“तक्रार कशाची, एवढं तरी सांगितलं असेल.”

“मुलींना रात्री उशिरापर्यंत बसवते म्हणे मी. साफ खोटं. सहाला कुलूप लागतं माझं.”

एवढं बोलून महादेवीनं पुढ्यातला तांब्या उगीच सरळ केला. तो आधीच सरळ होता.

२

निरीक्षक आदिनाथ कडा गावचा, तिशीच्या आतला तरुण. ताराबाईंच्या हाताखाली तो शिकलेला नव्हता, पण बाई आल्या म्हटल्यावर उठून उभा राहिला.

“मॅडम, अर्ज तुम्हाला देता येणार नाही. इथं बसून वाचा. मी बघितलंच नाही.”

अर्ज कचेरीसमोरच्या टंकलेखकाकडून टाईप करून घेतलेला होता. खाली सही नव्हती. तारीख गेल्या शुक्रवारची होती, आणि टपालानं तो सोमवारी पोचला होता. ताराबाईंनी चष्मा चढवून वाचला.

‘सुंदररावांच्या माडीवर संगणकाच्या कामावर साडेचार कामगार आहेत. त्यातले निम्मे रात्री अकरापर्यंत असतात. बायांना रात्री कामाला ठेवू नये असा सरकारचा नियम आहे असे ऐकतो. तरी साहेबांनी लेकींना दिवस मावळायच्या आत घरी धाडावे ही विनंती.’

“साडेचार!” आदिनाथ हसला. “ऑफिसात सगळ्यांनी वाचून झालं, मॅडम. अर्धा कामगार कसला असतो? शिपाई म्हणतो, एखादी बुटकी असेल.”

ताराबाई हसल्या नाहीत. मुलांच्या पाट्या तपासून त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. पोर चुकीचं उत्तर लिहितं तेव्हा ते उगाच लिहीत नाही. त्याच्या मनाशी काहीतरी रीत असते, आणि त्या रीतीनं त्याचं उत्तर अगदी बरोबर असतं. ती रीत सापडली की पोरही सापडतं.

“हा नियम खरा आहे का रे?” त्यांनी विचारलं.

“आहे की. ठरलेल्या वेळेनंतर रात्री बाईमाणसाला आस्थापनेत कामाला ठेवता येत नाही. नियम झाला तेव्हा डोळ्यापुढं दुकानं होती, हॉटेलं होती. अमेरिकेचं काम एस.टी.त बसून बीडला येईल, हे कुणाला स्वप्नात दिसलं होतं? पण पुस्तकात आहे तोवर मी काय करू? तक्रार खोटी ठरली किंवा मागं घेतली, तर शनिवारी सही. खरी ठरली तर मला खटला भरावा लागेल.”

ताराबाई उठल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, “आदिनाथ, या अर्जात केंद्र बंद करा असं कुठं लिहिलंय?”

त्यानं कागद पुन्हा वाचला. “नाही, मॅडम. कुठंच नाही.”

३

माडीच्या बरोबर समोर सिद्धारामची टंकलेखन संस्था होती. आठ मशीन, पैकी सहांवर कापड झाकलेलं. कपाळावर भस्माचे पट्टे आणि तोंडात सुपारी घेऊन सिद्धाराम दारातच बसला होता.

“या मॅडम, या. माझ्यावर संशय घ्यायलाच आलात ना? घ्या. दहाच्या दहा पोरी माझ्याकडं शिकल्या अन् तिकडं गेल्या. माझ्या मशीनवर आता कोळी जाळं विणतोय.”

“दहा?”

“दहाच. म्हणजे गेल्या बुधवारी वर्षाराणी सोडून गेली, सोलापूरला लग्न जमलं तिचं. राहिल्या नऊ. या सोमवारी महादेवीनं स्वतःची आतेबहीण आणून बसवली, शिवांजली. पुन्हा दहा. मला हजेरी पाठ हाय.”

“मग पोरींना लवकर घरी धाडा, असा अर्ज तुम्ही केलात?”

“मी केला असता तर ‘ताबडतोब बंद करा’ असं लिहिलं असतं, खाली रेघ मारून. तुमी म्हणता की अर्जात पोरींना लवकर घरी धाडा असं लिहिलंय. लवकर घरी गेल्यानं माझं काय भलं होणार? घरीच जातील, इकडं थोड्याच येतील!” त्यानं सुपारी गालात सरकवली. “बाकी तुमची महादेवी काय म्हणती? सहाला कुलूप? मॅडम, रात्रीची ती लाईट बघायला मला चष्मा लागत न्हाई.”

ताराबाईंना हा माणूस पूर्वीपासून आवडत नव्हता, म्हणून त्यांनी त्याचं बोलणं बाजूला ठेवलं. ठेवताना आपण काय करतो आहोत, हे त्यांना कळत होतं.

घरमालक सुंदरराव खाली बैठकीत चार माणसं घेऊन बसले होते. पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची साखळी.

“बाई, बसा. चहा आण रे. आता बघा, ती माडी मला पक्षाच्या कार्यालयाला पाहिजे, हे मी लपवत न्हाई. पण त्यासाठी अर्ज कशाला? मी महादेवीच्या वडलांना नुसतं म्हटलं, की दुसऱ्या दिवशी जागा मोकळी. आमची सोयरिक नसली तरी शब्दाला मान हाय.”

“वर किती मुली काम करतात, माहीत आहे?”

“पाच असतील. खुर्च्या पाच हायेत.” त्यांनी वर बघितलं. पंखा थांबला होता. “गेली बघा लाईट. रोज बारा ते पाच. दिल्लीत बसून म्हणतात देश पुढं चाललाय, अन् इथं पंखा फिरत न्हाई.”

पाच म्हणणारा माणूस साडेचार लिहिणार नाही, आणि नऊ मोजणाराही नाही. ताराबाई जिन्याच्या पायरीवर टेकल्या. त्यांच्या मनात आता दुसरंच गणित सुरू झालं होतं, आणि ते त्यांना नको होतं.

पुण्याची सीडी दुपारी दोनच्या बसनं येते. वीज येते पाचला. भरलेल्या फ्लॉप्या सकाळी सहाच्या बसनं गेल्याच पाहिजेत. महादेवीनंच त्यांना एकदा कौतुकानं सांगितलं होतं, की प्रत्येक फॉर्म दोन मुली वेगवेगळा भरतात, एकीचं दुसरीनं बघायचं नाही. मग संगणक दोन्ही ताडून बघतो आणि फरक दाखवतो. म्हणजे मुलींची जोडी असते. एका संगणकावर जोडीतली पहिली आधी बसणार, तिचं झाल्यावर दुसरी. एकीला तीन तास तरी हवेतच. पाच ते आठ, आणि आठ ते अकरा.

सहाला कुलूप लागत असेल, तर या कामाला उरतो एक तास.

चौथीतल्या पोरानंही हे सोडवलं असतं. अर्ज खरा होता. त्यांच्या ओसरीवर बसून खोटं बोलली होती ती महादेवी.

४

तरीही अर्ज कुणी केला, ते शोधायला हवंच होतं. गुरुवारी सकाळी ताराबाई बसस्थानकाजवळच्या हॉटेलात गेल्या. बंकट मुकादम तिथं गड्यांना घेऊन बसलेला असायचा. ऊसतोडीची माणसं गोळा करून कारखान्यावर न्यायची, हा त्याचा धंदा. तेजश्रीचं काम सुटावं असं उघड वाटणारा माणूस हाच होता.

“बाई, तुमी हितं?” बंकट उठला. त्याचा थोरला त्यांच्या वर्गात चार वर्षं होता, म्हणजे प्रत्येक वर्षातले सहा महिने. “ए, खुर्ची दे बे बाईंला!”

“बंकट, तेजश्रीच्या कामाविरुद्ध तू अर्ज केलास का?”

“म्या? कावून?” तो खरोखरच चकित झाला. मग खिशातून घडी घातलेला करारनामा काढून त्यानं टेबलावर पसरला. “मागल्या मंगळवारी कोल्हापूरकडं गेलतो, कारखान्यावर. आलो रविवारी. ही बघा तारीख, ही बघा सही. अर्ज कवा करू?” मग तो हसला. “खोटं न्हाई बोलत, बाई. माडीवरचं काम बंद पडलं तर मला पाहिजेच हाय. यंदा साडेअकरा कोयते भरलेत. एक पोरगा एकटाच हाय. त्याची बहीण अयोध्या, न्हाई तर मावसबहीण तेजश्री, दोघींतली एक आली की बारा पुरे.”

ताराबाईंचा हात चहाच्या कपावरच राहिला.

नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. एक तोडतो, दुसरं मोळी बांधतं, म्हणून जोडीलाच एक मोजायचं. बीड जिल्ह्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ताराबाईंच्या वर्गातली बाकं दर दिवाळीच्या सुमाराला याच मापानं रिकामी होत. पण संगणकापुढं बसलेल्या मुलींना कुणी कोयत्याच्या मापानं मोजेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

पाच जोड्या, म्हणजे पाच. वर्षाराणी बुधवारी सोडून गेली आणि तिची जोडीदारीण एकटी राहिली. शुक्रवारी माडीवर साडेचारच होते! उत्तर चुकलंच नव्हतं.

“बंकट, माडीवर गेल्या आठवड्यात किती पोरी होत्या?”

“पाच जोड्या. म्हंजे दहा.”

“वर्षाराणी गेली ते माहीत नाही तुला?”

“कोण वर्षाराणी?”

म्हणजे बंकट नव्हे. त्यानं मोजलं असतं तर पूर्ण पाच लिहिलं असतं, आणि लेकींना घरी धाडा असं तर त्याच्या तोंडून निघालंच नसतं. अर्ज करणारं माणूस कोयत्यानं मोजणारं होतं, आणि कोणती जोडी कोणत्या दिवशी मोडली हे त्याला आतून दिसत होतं. शिवाय त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. नाहीतर टंकलेखकानं ऐकलं तसं उतरवलेलं ‘साडेचार’ वाचून त्यानं ते खोडलं असतं.

असं माणूस त्या माडीवर एकच होतं. रोज सकाळी झाडू मारायला आणि माठ भरायला येणारं.

५

छबुबाई जिना झाडत होती. वीस हंगाम ऊस तोडून तिचे तळवे खडबडीत झाले होते. तेजश्री तिची धाकटी लेक. ताराबाईंना पाहून तिनं पदर डोक्यावर घेतला.

“छबुबाई, साडेचार कामगार म्हणजे किती गं?”

झाडू थांबला. छबुबाई खाली बसली, तिथंच, झाडलेल्या कचऱ्याशेजारी.

“नऊ,” ती म्हणाली. “तुमाला कळलं तर.”

“कचेरीसमोरच्या टंकलेखकाकडून लिहवून घेतलंस?”

“त्यानंच सांगितलं, बाई, की बायांना रात्री ठेवायचं न्हाई असा नेम हाय सरकारचा. म्हटलं, मग लिही.” तिचा आवाज खाली गेला. “आमची तेजश्री अन् माझ्या भैनीची अयोध्या, दोघी अकराला सुटतात. पालीच्या रस्त्यानं पुलापोतर संगं येतात. तिथून अयोध्या खाली वळती अन् ही एकटी. दोघं जण फटफटीवर मागं लागलेत. पयल्या दिवशी शीळ घातली. दुसऱ्या दिवशी आडवी लावली गाडी. तवापासून मी रोज पुलावर उभी ऱ्हाती, लुगड्याखाली कोयता घेऊन. उसाला लावायचा कोयता, बाई. एखाद्या दिवशी माझ्या हातनं माणूस तुटंल, अशी भीती वाटती.”

“पोलिसांत का नाही गेलीस?”

“अन् नाव कुणाचं होईल? पोरीचंच की.”

ताराबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. मग त्यांनी सांगितलं, की या अर्जामुळं नोंदणी अडली आहे, आणि शनिवारी नोंदणी झाली नाही तर सगळ्याच मुलींचं काम जाईल.

छबुबाई ऐकत राहिली.

“सगळ्यांचं? मला वाटलं, साहेब येईल, रागवंल, पोरींना लवकर सोडा म्हनंल. एवढंच मागितलं म्या.” तिनं एकदम ताराबाईंचं मनगट धरलं. “मागं घेते मी. अंगठा कुठं द्यायचा सांगा. आत्ता देते.”

काम फत्ते झालं होतं. महादेवीनं शोधायला सांगितलेलं माणूस सापडलं होतं आणि ते आपणहून अर्ज मागं घ्यायला तयार होतं. शनिवारी सही झाली असती, करार झाला असता, आणि रविवारी रात्री अकराला ही बाई पुन्हा पुलावर उभी राहिली असती.

“चल वर,” ताराबाई म्हणाल्या. “अंगठ्याचं नंतर बघू.”

६

वर महादेवी एकटीच फॉर्म लावत बसली होती. छबुबाईनं दारातूनच सांगून टाकलं, “ताई, अर्ज मीच दिलता.”

महादेवी उठून उभी राहिली. “तू? तुझी पोर इथं पोटाला लागलीय, आणि तू? अगं, मला सांगायचं तरी!”

“सांगितलं होतं, ताई. दोनदा. एकदा माठ भरताना अन् एकदा लाईट गेली तवा. तुमी मान हालवली. ‘बघू’ म्हनलात.”

महादेवी हळूहळू खुर्चीत बसली.

“काय करू, बाई?” ती ताराबाईंकडे वळली, पण नजर वर न करता. “बसची वेळ मी ठरवत नाही. दिवसाची लाईट मी घालवत नाही. नियम पाळला तर काम पुण्यातच राहतं. तिथं वीज आहे, मुलींना सोडायला कंपनीची गाडी आहे. बीडला काम आणायचं, तर कुठंतरी डोळे झाकावे लागतात. मी झाकले.”

“हे सगळं खरं आहे,” ताराबाई म्हणाल्या. “मग मला खोटं का सांगितलंस?”

“तुम्ही शोधलं नसतं.”

“शोधलंच की.”

महादेवीनं तोंड ओंजळीत घेतलं. ती रडली असेल तर तिनं दिसू दिलं नाही. मग तिनं कोरा कागद ओढला. तीन महिने मुलींना रात्री थांबवत होते, असं तिनं पहिल्याच ओळीत लिहिलं. लेखणी तिथं बराच वेळ अडली. पुढं कामाची नवी वेळ लिहिली. सकाळी सात ते बारा, वीज असते तेवढी. माल सकाळच्या बसऐवजी दुपारच्या बसनं जाईल. त्याखाली सही केली.

पुण्याला फोन लावला तेव्हा ताराबाई आणि छबुबाई समोरच होत्या. पलीकडचे साहेब बराच वेळ बोलले. महादेवी नुसतं “हो सर”, “बरोबर आहे सर” म्हणत राहिली. फोन ठेवून तिनं सांगितलं.

“दुपारी माल चालेल म्हणाले. पण एवढ्या वेळेत पाच जोड्यांचं काम निघणार नाही, ते त्यांनाही दिसतंय. तीन जोड्यांचं देतील. सहा मुली.”

दहातून सहा. छबुबाईनं बोटं मोजली नाहीत. ती म्हणाली, “माझीला काढा, ताई. केलं म्या, भोगू आमी.”

“तुला कुणी विचारलेलं नाही,” महादेवी म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो नेमका कुणावर होता हे तिलाही सांगता आलं नसतं.

७

शनिवारी आदिनाथनं महादेवीचा कागद दोनदा वाचला. “मॅडम, लोक माझ्यासमोर खोटं लिहून देतात आणि मी ते खरं धरतो. खरं लिहून दिलेलं काय करायचं, ते आमच्या पुस्तकात शोधावं लागेल.” त्यानं लेखी ताकीद दिली, कामाची वेळ दारावर लावायला सांगितली, आणि दाखल्यावर सही केली.

सहा मुली कशा निवडायच्या, ते महादेवीनं ताराबाईंवर सोपवलं. तिला स्वतःवर भरवसा उरला नव्हता. ताराबाईंनी तीन महिन्यांचे कागद मागवले. संगणकानं कुणाच्या किती चुका दाखवल्या होत्या, ते त्यात होतं. नावांवर पट्टी ठेवून त्यांनी आधी फक्त चुका मोजल्या. मग पट्टी काढली. सगळ्यात कमी चुका तेजश्रीच्या होत्या. शिवांजलीला येऊन आठवडाही झाला नव्हता. महादेवीची आतेबहीण आपोआपच बाहेर पडली. सातव्या क्रमांकावर अयोध्या होती. सहाव्या मुलीत आणि तिच्यात चार चुकांचं अंतर होतं.

ताराबाईंनी ते चार पुन्हा तपासले, मग तिसऱ्यांदा. चारच निघाले.

दसऱ्यानंतर बंकटचा ट्रक निघाला. त्याचे बारा कोयते पुरे झाले होते. छबुबाई नवऱ्यासोबत चढली. तिच्या मागं भावाचा हात धरून अयोध्या चढली. तेजश्री ताराबाईंच्या घरी राहायला आली. ती सकाळी सातला जायची आणि बाराला परत यायची. पुलाकडं तिला जावंच लागत नव्हतं.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी ताराबाईंच्या घरचा फोन वाजला. कारखान्याजवळच्या कुठल्याशा बूथवरून छबुबाई मोठ्यानं ओरडून बोलत होती. फोनवर बोलताना आवाज चढवावा लागतो, असं तिला वाटायचं.

“बाई, पोरगी घरात हाय का?”

“आहे. भाकरी करतेय. देऊ?”

तेजश्रीनं पिठाचे हात पुसत फोन घेतला. “आई, हो गं. जेवले नाही अजून. नाही, कुणी नाही मागं. अगं, उजेडातच येते मी.” ती हसत होती. मग पलीकडं कुणीतरी दुसरं बोलायला लागलं, आणि ताराबाईंना तिचा चेहरा बदललेला दिसला.

“अयोध्या?” तेजश्री म्हणाली. “बरी आहेस ना? हात कापला? किती?”

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं. तेजश्री ऐकत राहिली. मग तिनं फोनची तार बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली.

“काय म्हणतेय?” ताराबाईंनी हळूच विचारलं.

तेजश्रीनं फोनवर हात ठेवून सांगितलं, “माझ्या मशीनवर आता कोण बसतं, म्हणते.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ताराबाई ती उलटायला उठल्या. मागून त्यांना तेजश्रीचा आवाज ऐकू आला.

“मी बसते, अयोध्या. तुझ्या मशीनवर मीच बसते.”